काजूगराची निर्यात आणि ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’: अर्ज करण्याआधीचे काम

एका काजू उद्योजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चंदगड तालुक्यात काजू प्रक्रियेचे युनिट आहे. हंगामात स्थानिक बी घेतली जाते आणि उरलेल्या महिन्यांसाठी मंगळूरच्या आयातदाराकडून आयव्हरी कोस्ट व बेनिनची बी येते. दुबईच्या खरेदीदाराने ऑर्डर देताना ‘सीओओ’, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन किंवा मूळ देशाचे प्रमाणपत्र, मागितले आहे. बँकॉकच्या खरेदीदाराने ‘फॉर्म एआय’ हवा म्हणून लिहिले आहे. हे कुठे मिळते, किती दिवस लागतात, खर्च किती? आणि शेवटी एक ओळ: ‘एजंट म्हणतो, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवा, बाकी मी करून देतो.’

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. काळजी वाटते ती त्या शेवटच्या ओळीची. एजंट पोर्टलवर फॉर्म भरून देईल, पण त्या फॉर्मखाली ‘हा माल व्यापार करारातल्या नियमाप्रमाणे भारतीय आहे’ असे लिहून सही तुमची असते. तो माल खरोखर तसा आहे का, हे एजंटला ठाऊक नसते. तुमच्या वर्णनावरून वाटते, की अजून तुम्हीही ते तपासलेले नाही.

आधी दोन प्रमाणपत्रांतला फरक बघू, कारण दोन्ही खरेदीदार एकच गोष्ट मागत आहेत असे समजून पुढे गेलात तर गोंधळ होईल.

एक साधे, म्हणजे नॉन-प्रेफरेन्शियल प्रमाणपत्र. माल कुठल्या देशाचा एवढेच ते सांगते. त्यावर करसवलत मिळत नाही. बँकेच्या एलसीत (पतपत्रात) अट असते म्हणून, तिथल्या कस्टम्सचा नियम म्हणून किंवा खरेदीदाराची सवय म्हणून ते मागितले जाते. हे चेंबर, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटना, देतात. पुण्याची मराठा चेंबर, मुंबईतली बॉम्बे चेंबर आणि इंडियन मर्चंट्स चेंबर, गोव्याची गोवा चेंबर ही आपल्याकडची जुनी नावे. पूर्वी चेंबरमध्ये जाऊन शिक्का मारून आणायची पद्धत होती. १ जानेवारी २०२५ पासून हे अर्जही डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) ऑनलाइन यंत्रणेतूनच करावे लागतात.

दुसरे प्रेफरेन्शियल. भारताचा ज्या देशाशी किंवा गटाशी व्यापार करार आहे, तिथे ते दाखवले की आयात शुल्क कमी होते किंवा शून्य होते. फॉर्म एआय हे आसियान करारातले, म्हणजे थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, इंडोनेशिया वगैरे देशांसाठीचे. वस्तूंपुरता तो करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला सेपा करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाचा २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन यांच्याशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. प्रत्येकाचा नमुना वेगळा आणि नियमही वेगळा. ‘एक सीओओ काढून ठेवतो, कुठेही चालेल’ असे काही नसते.

दुबईवाल्याला यांतले कोणते हवे, हे त्याला स्पष्ट विचारा. ‘सेपाखाली शुल्क सवलत घेणार आहात का, की फक्त एलसीसाठी हवे?’ एका ओळीचा ई-मेल पुरे. निम्म्या वेळा उत्तर येते की साधे चालेल. तसे असेल तर पुढचा बराचसा त्रास त्या ऑर्डरपुरता वाचला. एलसीत ‘चेंबरने दिलेले’ असे लिहिले असेल, तर चेंबरचेच घ्या. सरकारी संस्थेचे प्रमाणपत्र जास्त वजनदार म्हणून तेच लावले, तर बँक त्यालाही त्रुटी म्हणू शकते.

त्याच ई-मेलमध्ये आणखी एक गोष्ट विचारा, जी फारसे कोणी विचारत नाही: काजूगरावर तुमच्याकडे आज साधे शुल्क किती आणि करारातले किती? साधा दरच शून्य असेल, तर प्रेफरेन्शियल प्रमाणपत्र कोणाच्याच उपयोगाचे नाही. आखाती देशांत बहुतेक मालावर पाच टक्के शुल्क असते, पण खाद्यपदार्थांच्या शुल्क-यादीतल्या अनेक ओळी शुल्कमुक्त आहेत. आसियानमध्ये उलटा पेच आहे: प्रत्येक देशाने काही वस्तू सवलतीच्या बाहेर ठेवल्या आहेत. तुमचा कोड त्या वगळलेल्या यादीत असेल, तर फॉर्म एआय अगदी अचूक काढूनही एक पैसा वाचत नाही. ही तपासणी आपल्या बाजूने कितीही केली, तरी त्या देशाच्या कस्टम्समध्ये रोज काम करणाऱ्या खरेदीदाराच्या ब्रोकरचे उत्तर जास्त भरवशाचे.

कोड म्हणजे एचएस कोड, मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. सालासकट काजू बी ०८०१.३१, सोललेला गर ०८०१.३२. आपल्याकडे पुढे आठ अंकांपर्यंत फोड आहे: तुकडा ०८०१३२१० आणि अख्खा गर ०८०१३२२०. जगभर समान असतात ते पहिले सहा अंक, आणि मूळ देशाचे नियम त्या सहांवरच चालतात. खरेदीदाराचा ब्रोकर शेवटचे दोन अंक वेगळे लिहील, त्याने बिथरू नका. पहिल्या सहांत फरक आला तर मात्र माल जाण्याआधी मिटवा.

आता मुख्य प्रश्न: तुमचा गर भारतीय आहे का?

चंदगड, आजरा, सावंतवाडी, वेंगुर्ले भागातल्या झाडांची बी फोडून काढलेला गर असेल, तर उत्तर सरळ आहे. झाड इथले, फळ इथले, प्रक्रिया इथली. असा माल पूर्णपणे इथलाच धरला जातो आणि फॉर्मवर ‘डब्ल्यूओ’ (व्होली ऑब्टेन्ड) लिहिले जाते. टक्केवारी नाही, हिशेब नाही. फक्त पुरावा लागतो, त्याकडे येतोच.

आयव्हरी कोस्टची बी फोडली, तर तो गर आपोआप भारतीय होत नाही. तुमच्या कारखान्यात बॉयलिंग झाले, कटिंग झाले, ड्रायर, पीलिंग, ग्रेडिंग सगळे झाले, शंभर बायकांना काम मिळाले, तरी करार विचारतो दोनच गोष्टी: मालाचा कोड पुरेसा बदलला का, आणि किमतीत परदेशी भाग किती.

आसियान करारातला सर्वसाधारण नियम असा: परदेशी कच्चा माल आणि तयार माल यांचे सहा अंकी कोड वेगळे हवेत, ज्याला सीटीएसएच म्हणतात, आणि शिवाय एफओबी (माल जहाजावर चढवेपर्यंतच्या) किमतीत किमान ३५ टक्के भाग इथला हवा. दोन्ही अटी एकत्र. पहिलीत तुम्ही पास, कारण बी .३१ मध्ये आणि गर .३२ मध्ये. श्रीलंकेचा करार घेतला असता तर तिथेच अडला असता. २००० सालापासून चालू असलेल्या त्या करारात चार अंकी शीर्षक बदलावे लागते, आणि बी काय, गर काय, दोन्ही ०८०१ मध्येच. हीच गत कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या व्हॉल्व्हवाल्यांची होते: चीनचा बॉल आणि स्टेम घालून केलेला व्हॉल्व्ह बँकॉकला पहिल्या अटीत पास होतो, कारण सुटे भाग ८४८१.९० आणि तयार व्हॉल्व्ह ८४८१.८०. कोलंबोला तोच व्हॉल्व्ह नापास. माल तोच, कारखाना तोच. त्यामुळे ‘अमुक कंपनीला मिळाले, मग आम्हाला का नाही’ या वादात पडू नका.

अमिरातींच्या सेपात उत्पादनवार नियमांचे स्वतंत्र परिशिष्ट आहे. औद्योगिक मालाला तिथे साधारण ४० टक्के मूल्यवर्धनाची पातळी दिसते, पण प्रत्येक ओळ वेगळी वाचायला हवी. शेतमालाच्या ओळींना बऱ्याच करारांत ‘पूर्णपणे तिथलाच’ असाच नियम असतो. तुमच्या ओळीला तसे असेल, तर आफ्रिकन बीचा गर टक्केवारी कितीही चांगली असली तरी बाद. युरोपीय संघाच्या जीएसपी (विकसनशील देशांना शुल्क सवलत) नियमांत तर सुकामेव्याची टरफले काढणे ही अपुरी प्रक्रिया म्हणून नाव घेऊन लिहिलेली आहे. म्हणून परिशिष्ट उघडून आपली सहा अंकी ओळ स्वतः वाचा, तिचा प्रिंट काढून फाइलला लावा. हे काम एजंटवर सोडू नका.

दुसऱ्या अटीचा, ३५ टक्क्यांचा हिशेब मी जरा सविस्तर मांडतो, कारण काजूत खरा निकाल तिथे लागतो. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथे तुमचे घाला.

समजा बीचा आउटटर्न ४८ पौंड आहे, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून ४८ पौंड, अर्थात सुमारे २१.७७ किलो गर निघतो. एक किलो गराला ३.६७५ किलो बी लागली. बी मंगळूरहून किलोला १२० रुपयांनी घेतली, तर एक किलो गरात ४४१ रुपयांची परदेशी बी आहे. सगळ्या ग्रेडची सरासरी एफओबी ६५० रुपये धरू. ४४१ भागिले ६५०, म्हणजे ६७.८ टक्के. आसियानमध्ये परदेशी भाग ६५ टक्क्यांच्या आत हवा. नापास.

पण थांबा. सूत्रात परदेशी मालाची किंमत म्हणून आयातीच्या वेळची सीआयएफ (विमा आणि जहाजभाड्यासकटची) किंमत धरायची असते. तुम्ही दिलेल्या १२० रुपयांत मंगळूरच्या आयातदाराचा नफा, बंदरातला खर्च, गोदाम, हमाली हे सगळे आहे. त्याची सीआयएफ ११४ रुपये असेल, तर परदेशी भाग ४१९ रुपयांवर येतो, म्हणजे ६४.५ टक्के. पास! फक्त ती ११४ रुपये सिद्ध करायला आयातदाराच्या बिल ऑफ एन्ट्रीची (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे केलेल्या घोषणेची) प्रत हवी. ती नसेल, तर तुम्ही प्रत्यक्ष दिलेली किंमतच धरली जाईल. आयातदार प्रत सहजासहजी देत नाहीत, आपला भाव कळेल म्हणून. खरेदी करतानाच ही अट घाला. पैसे देऊन झाल्यावर मागितलीत, तर मिळण्याची आशा फारशी धरू नका.

आणि ६४.५ वर पास होणे हे पास होणे नव्हे. डॉलर थोडा हलला, एका लॉटचा आउटटर्न ४६ निघाला, खरेदीदाराने भाव दहा रुपयांनी पाडला, की गेलात पलीकडे. माझा सल्ला असा, की मर्यादेपासून पाच टक्के तरी आत असाल तरच प्रेफरेन्शियलचे आश्वासन द्या.

काजूत आणखी एक गुंता आहे जो यंत्रांच्या सुट्या भागांत नसतो. एका पोत्यातून १८० नंबरचा गर (नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर) निघतो, २४० निघतो, ३२० निघतो, पाकळी (उभा दुभंगलेला गर) आणि तुकडाही निघतो. बीचा खर्च किलोमागे सारखा वाटला, तर २४० नंबर ७२० रुपये एफओबीला ६१ टक्के परदेशी, पास. पाकळी ५६० रुपयांना ७८ टक्क्यांच्या वर, नापास. एकाच कंटेनरमध्ये एक ओळ भारतीय आणि दुसरी नाही. खर्च प्रत्येक ग्रेडच्या विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला, तर सगळ्या ग्रेडची टक्केवारी एकच येते: १२० रुपये भावाला सगळेच नापास, ११४ ला सगळेच काठावर पास. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येते. वर्षभर एकच धरा, कॉस्ट अकाउंटंटकडून लिहून घ्या, आणि हंगामी हिशेबात जी वापरता तीच वापरा. पाकळीला एक आणि अख्ख्या गराला दुसरी पद्धत लावलेली दिसली, की तपासणारा पहिले बोट तिथेच ठेवतो.

सालतेल आणि टरफलांच्या विक्रीतून जे मिळते ते बीच्या किमतीतून वजा करून परदेशी भाग कमी दाखवायचा मोह होतो. करू नका.

बेनिनच्या बीविषयी एक गैरसमज नेहमी भेटतो. बेनिन, टांझानिया, गिनी-बिसाऊ हे अल्पविकसित देश असल्यामुळे तिथली बी भारतात २००८ च्या शुल्कमुक्त योजनेखाली येऊ शकते, आणि त्यासाठी तिकडचे मूळ देशाचे प्रमाणपत्र लागते. आयातदार म्हणतो, ‘बी सर्टिफिकेटवाली आहे, काळजी नको.’ ते प्रमाणपत्र बी बेनिनची आहे एवढेच सांगते. बँकॉकच्या हिशेबात ती परदेशीच. उलट त्या कागदामुळे ती परदेशी असल्याचा पक्का पुरावाच तयार झाला.

व्हिएतनामचा सोललेला गर आणून, निवडून, आपल्या डब्यात भरून दुबईला पाठवणारेही असतात. ०८०१.३२ आत आला आणि ०८०१.३२ बाहेर गेला. निवडणे, चाळणे, पॅकिंग, लेबल या क्रियांनी मूळ देश बदलत नाही, हे बहुतेक करारांत स्पष्ट लिहिलेले असते. त्यावर चर्चा करण्यासारखे काही नाही.

मग आफ्रिकन बी वापरणाऱ्याला वाट काय? एक वाट भाजून, मीठ-मसाला लावून विकण्याची आहे. भाजलेला किंवा खारवलेला काजू आठवे प्रकरण (कोडचे पहिले दोन अंक, ०८) सोडून २००८.१९ या कोडमध्ये जातो. म्हणजे चार अंकी शीर्षकही बदलते, आणि एफओबी वाढल्यामुळे परदेशी भागाची टक्केवारी खाली येते. नुसता गर नापास आणि मसाला काजू पास, असे हिशेब मी पाहिले आहेत. मात्र काही करारांत विसाव्या प्रकरणाच्या मालाला ‘आठव्या प्रकरणातला कच्चा माल इथलाच हवा’ असा जादा नियम असतो, तेव्हा पुन्हा तेच: ओळ वाचा. आणि अर्थातच मसाला काजूचा खरेदीदार वेगळा असतो. केवळ प्रमाणपत्रासाठी धंदा बदलायला मी सांगणार नाही.

दुसरी वाट माझ्या मते तुमच्यासाठी जास्त बरी: करारातली सवलत हवी असलेल्या ऑर्डरी स्थानिक बीवर चालवायच्या आणि बाकीच्या आफ्रिकन बीवर. पण मग दोन्ही बिया वेगळ्या ठेवाव्या लागतात, नुसत्या वहीत नव्हे, खळ्यावरसुद्धा. वाळवणीला वेगळी जागा, पोत्यांवर वेगळ्या रंगाची खूण, बॉयलिंगपासून लॉट नंबर, आणि तो नंबर ग्रेडिंगच्या तक्त्यापर्यंत आणि डब्यापर्यंत गेला पाहिजे. अनेक युनिटमध्ये पीलिंगनंतर सगळा माल एका ढिगात जातो, तिथेच साखळी तुटते. एकदा मिसळला, की ‘आत निम्मा चंदगडचा आहे’ म्हणून अर्धे डब्ल्यूओ मिळत नाही. संपूर्ण लॉट परदेशी बीच्या नियमाने तपासला जातो.

स्थानिक बीचा पुरावा तुमच्याकडे बहुधा आहेच, तुम्ही त्याकडे त्या नजरेने पाहिलेले नाही एवढेच. शेतकऱ्याकडून सालासकट काजू घेताना जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्ही भरता आणि त्यासाठी स्वतःच्या नावाने बिल बनवता. त्या बिलावर तारीख, वजन, दर, शेतकऱ्याचे नाव आणि गाव व्यवस्थित असेल, तर त्याहून चांगला कागद शोधून मिळायचा नाही. सोबत काट्याची पावती आणि बँकेतून दिलेले पैसे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बीला त्याचे बिल आणि ‘ही बी अमुक तालुक्यातली’ असे लेखी. नुसते ‘लोकल काजू’ असे बिलावर असले, तर विचारणारा विचारेलच, कारण मार्केटमध्ये लोकल म्हणून काय काय विकले जाते ते सगळ्यांना माहीत आहे. खरेदीची बेरीज आणि निर्यातीची बेरीजही जुळली पाहिजे. चाळीस टन स्थानिक बी घेऊन वीस टन ‘डब्ल्यूओ’ गर पाठवला, तर आउटटर्नचा साधा त्रैराशिकच तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

इथे जाता जाता: वेंगुर्ला काजूच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीचा या प्रमाणपत्राशी संबंध नाही. जीआय विक्रीला उपयोगी पडेल, शुल्क सवलतीला नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. आयईसी (आयात-निर्यात कोड) चालू हवा आणि डीजीएफटीच्या मंचावर प्रोफाइल पूर्ण हवे. सही डिजिटल टोकनने किंवा आधारवरच्या ई-साइनने करता येते. करार निवडायचा, संस्था निवडायची. कोणत्या करारासाठी कोणती संस्था अधिकृत, हे परकीय व्यापार धोरणाच्या परिशिष्टात असते. डीजीएफटीची प्रादेशिक कार्यालये आणि निर्यात तपासणी संस्था, म्हणजे ईआयए, ही सर्वसाधारण दारे. मासळीला एमपीईडीए, कापडाला टेक्स्टाइल्स कमिटी अशी मालागणिक वेगळी दारेही आहेत. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (निर्यातीची कस्टम्स घोषणा), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि खर्चाचे विवरण जोडायचे. शुल्क काही शे रुपयांच्या घरात, ते या सगळ्यातला सर्वांत लहान खर्च. कागद नीट असतील तर काम दोन-चार दिवसांत होते. नसतील तर शेरा येतो, उत्तर द्यायचे, पुन्हा रांग.

फॉर्म एआय निर्यातीच्या वेळी किंवा जहाज सुटल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत निघायला हवा. राहून गेला तर सबळ कारण देऊन बारा महिन्यांच्या आत मागाहून काढता येतो, पण त्यावर तसा शेरा छापला जातो आणि तिकडचा अधिकारी तो फॉर्म जास्त बारकाईने बघतो. खरेदीदाराचा माल तोपर्यंत पूर्ण शुल्क भरून सुटलेला असतो किंवा बंदरात पडून भाडे चढत असते. प्रमाणपत्राची वैधता दिल्यापासून बारा महिने. आता प्रमाणपत्र क्यूआर कोडसह इलेक्ट्रॉनिक निघते. तिकडे ते चालते, की शाईच्या सहीची प्रतही मागतात, हे खरेदीदाराला पहिल्या शिपमेंटआधी विचारून घ्या.

नाकारलेली प्रमाणपत्रे बघितली तर मोठे घोटाळे कमी आणि विसंगती जास्त. फॉर्मवर ७०० कार्टन, बिल ऑफ लेडिंगवर ७०२. वजन एका ठिकाणी डब्याच्या ११.३४ किलोने मोजलेले, दुसरीकडे गोळाबेरीज. शिपिंग बिलात २०२० पासून मूळ राज्य, जिल्हा आणि कोणत्या कराराखाली माल चालला हे भरावे लागते. सीएचएच्या (कस्टम्सचे काम करणाऱ्या दलालाच्या) कारकुनाने तिथे सवयीने ‘करार नाही’ निवडले, की तुमचाच कागद तुमच्या प्रमाणपत्राला खोटे पाडतो. फायटो (वनस्पती आरोग्य) प्रमाणपत्रातल्या उगमस्थानाच्या रकान्याकडेही लक्ष ठेवा. सगळ्या कागदांचे मसुदे शेजारी शेजारी ठेवून एका माणसाने, शक्यतो मालकाने, एकदा ओळीने वाचावेत.

बँकॉकच्या ऑर्डरचे बिल सिंगापूरच्या किंवा दुबईच्या मधल्या व्यापाऱ्याच्या नावाने होणार असेल, तर फॉर्म एआयवर तिसऱ्या देशाच्या बिलाचा रकाना भरावा लागतो. त्याने काही बिघडत नाही, लपवल्याने बिघडते. न्हावा शेवाहून गेलेला कंटेनर कोलंबो किंवा सिंगापूरला जहाज बदलतो, तेही चालते, माल तिथे बाजारात शिरला नाही आणि थेट शेवटच्या बंदरापर्यंतचे बिल ऑफ लेडिंग आहे तोवर. दुबईच्या गोदामात उतरवून, निवडून, तिथून पुढे दुसऱ्या देशात पाठवलेल्या मालावर मात्र त्या दुसऱ्या देशात भारताच्या करारातली सवलत मागता येत नाही.

माल पोहोचला, पैसे आले, म्हणून प्रकरण मिटले असे नाही. तिकडचे कस्टम्स शंका आल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या इथल्या संस्थेकडे पडताळणीची विनंती पाठवते, आणि संस्था तुमच्या दारात येते. आपल्या देशाने सप्टेंबर २०२० पासून आयातदारांसाठी कॅरोटार नियम आणून नेमके हेच कडक केले आहे: नुसते प्रमाणपत्र दाखवून भागत नाही, मूळ देशाची माहिती आयातदाराकडे असावी लागते. आपण बाहेरच्यांना हे विचारतो, तर बाहेरचे आपल्याला विचारणारच. तेव्हा त्या शिपमेंटची बी खरेदीची बिले, लॉटचे तक्ते, आयातदाराचे बिल ऑफ एन्ट्री, खर्चाचे विवरण हे पाच वर्षे तरी एका फाइलमध्ये असावे. देता आले नाही, तर खरेदीदाराला वाचवलेले शुल्क दंडासह भरावे लागते आणि त्याची डेबिट नोट तुमच्या नावावर येते. जाणूनबुजून खोटी घोषणा केल्याचे ठरले, तर १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली दंड होऊ शकतो आणि आयईसी निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. एजंटचा नव्हे, तुमचा.

तुमच्या दोन ऑर्डरींपुरते सांगायचे, तर दुबईच्या खरेदीदाराला आज वरचे दोन प्रश्न पाठवा. बहुधा चेंबरचे साधे प्रमाणपत्र पुरेल. आफ्रिकन बीचा गर असला, तरी प्रक्रिया इथे झाल्याची घोषणा करून त्यासाठी अर्ज करता येतो. त्यात बी कुठली हे विचारले, तर खरे तेच लिहा. बँकॉकच्या ऑर्डरसाठी गोदामात या हंगामाची स्थानिक बी किती शिल्लक आहे ते मोजा. ऑर्डर तेवढ्यात बसत असेल, तर ती बी आजच बाजूला काढून लॉट नंबर टाका आणि डब्ल्यूओखाली अर्ज करा. बसत नसेल, तर मंगळूरला फोन करून बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मिळते का पाहा, ग्रेडवार हिशेब मांडा, आणि ज्या ग्रेड साठ टक्क्यांच्या आत येतात त्यांनाच फॉर्म एआय देऊ असे कळवा. पाकळी-तुकड्याचा भाव साध्या शुल्कावर ठरवा. खरेदीदार थोडी कुरकुर करेल. भाव पक्का करण्याआधी कळवलेत, तर ती कुरकुर किलोमागे दोन-चार रुपयांत मिटते.

एजंटला कामावरून काढायची गरज नाही. त्याला इन्व्हॉइसबरोबर तुम्ही सही केलेले खर्चाचे विवरण आणि लॉटचा तक्ता पाठवा, आणि शिपिंग बिलाचा मसुदा दाखल करण्याआधी तुमच्याकडे यायलाच हवा असे सांगून ठेवा.